हृदय सांभाळू या, रोजच्या रोज!

(गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या मंडपात गाणं शोभतं, नाटक शोभतं, पाककृती स्पर्धा तर शोभतेच शोभते. त्यात डॉक्टरांचं भाषण म्हणजे मोदकांच्या ताटात कारल्याची भाजी! पण घाबरू नका. मी कुणाच्या ताटातला मोदक काढून घ्यायला आलेले नाही. दहा दिवसांच्या मोदकांनी कुणाचं हृदय बिघडत नाही. ते बिघडतं उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांत, आणि आज मला त्या दिवसांबद्दलच बोलायचं आहे.

विषय मी मुद्दाम निवडला. इथे समोर बसलेले बहुतेक जण तीस ते पन्नास या वयातले आहेत. पुणे, सांगली, नाशिक, नागपूर, बेळगाव सोडून नोकरीसाठी बंगळूरला आलेले, इथेच घर घेतलेले. आई-वडील गावी, मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू. नेमक्या याच वयात हृदयविकार आपल्या लोकांना गाठतो.

आपल्या दाराशी झालेलं संशोधन

हार्ट अटॅकविषयीचं सगळं ज्ञान अमेरिकेतून येतं अशी आपली समजूत असते. पण आपल्यातल्या अनेकांचा रोज ज्याच्यावरून येण्याजाण्याचा रस्ता आहे, त्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या डॉ. प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात बंगळूरमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच हार्ट अटॅक आलेले २०० रुग्ण आणि त्याच वयाची, हा विकार नसलेली २०० माणसं, अशी तुलना त्यांनी केली.

त्यात काय दिसलं? सगळ्यात मोठा शत्रू निघाला धूम्रपान, मग ती सिगारेट असो की विडी. दिवसाला दहा किंवा जास्त ओढणाऱ्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पावणेसातपट होता. दुसरी गोष्ट रक्तदाब. तिसरी, पोटाचा घेर. आणि चौथी म्हणजे उपाशीपोटीची साखर. ती जसजशी वाढते तसतसा धोका वाढत जातो, अगदी आपण जिला 'नॉर्मल' म्हणतो त्या पातळीतसुद्धा! म्हणजे 'मला डायबेटिस नाही, मग मला काय होतंय' हे म्हणणं तितकंसं खरं नाही.

पुढे २००४ मध्ये 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास आला. बावन्न देश आणि जवळजवळ तीस हजार माणसं. त्याचा निष्कर्ष असा की पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका फक्त नऊ गोष्टींशी जोडता येतो: तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूच्या सवयी. ही यादी पुन्हा एकदा मनात वाचा. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या घरात, ऑफिसात आणि खिशात आहे. बदलता येणार नाही असं यात काहीही नाही.

या अभ्यासातला भारत आणि शेजारी देशांचा भाग २००७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी वेगळा मांडला. आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं आणि इतर देशांत जवळजवळ ५९. सहा वर्षं आधी! मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो, घराचं कर्ज फिटायचं असतं, तेव्हाची ही सहा वर्षं. कारण शोधलं तर त्यात काही गूढ नव्हतं. आपल्या भागात नियमित व्यायाम करणारे शंभरात जेमतेम सहा होते, इतरत्र बावीसच्या आसपास. रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे २६ टक्के, इतरत्र ४५ टक्के. आपण शाकाहारी देश म्हणवून घेतो आणि भाजी मात्र चमचाभर वाढून घेतो!

हृदयात नेमकं होतं काय?

हृदय म्हणजे स्वतःच्या मुठीएवढा पंप. तो सगळ्या शरीराला रक्त देतो, पण त्याला स्वतःला रक्त लागतं ते कोरोनरी नावाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून. या वाहिन्यांचं आतलं अस्तर गुळगुळीत असतं. तंबाखूचा धूर, वाढलेला रक्तदाब आणि साखर त्या अस्तराला ओरखडे पाडतात. मग रक्तातली चरबी तिथे शिरते आणि हळूहळू थर साचतो. हे काम वीस-वीस वर्षं चालतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. त्यालाच आपण अटॅक म्हणतो.

म्हणजे 'अचानक अटॅक आला' हे अर्धसत्य आहे. गुठळी अचानक आली, थर मात्र थेंबे थेंबे साचला. जो थेंबाथेंबाने साचतो, तो थेंबाथेंबानेच थोपवावा लागतो. म्हणून आजच्या भाषणाचं नाव 'रोजच्या रोज'.

'मी तर बारीक आहे!'

हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. याला उत्तर पुण्याने दिलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो आणि मोजमापं प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातलं वजन, अगदी सारखं: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. आपली चरबी अशी लपून बसते, आणि मुख्यतः पोटात बसते.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप जास्त खरं बोलते. आपल्याकडे पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत (सुमारे ३५ इंच) आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत (सुमारे साडेएकतीस इंच) हवा. पँटचा नंबर सांगू नका. पँट आपण पोटाखाली घालतो! टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायची.

स्वयंपाकघरातलं गणित

आता मुद्द्याचं. 'ह्यांना पथ्याचं वेगळं करते' हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. ज्या घरात एकाला हृदयविकार होतो, त्या घरात मीठ, तेल आणि साखर सगळ्यांनी सारखीच खाल्लेली असते. वेगळं पथ्याचं ताट चार आठवडे टिकतं. घराचा स्वयंपाक बदलला तर तो टिकतो.

मिठापासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चमचा. चार जणांचं घर धरा: दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. यातच लोणचं आलं, पापड आले, चिवडा, फरसाण, बिस्किटं आणि दर्शिनीतलं सांबारही आलं. तुमच्याकडे मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते, ते आज घरी जाऊन वहिनींना विचारा. किंवा त्यापेक्षा स्वतः एकदा पिशवीवर तारीख लिहून ठेवा. उत्तर आपोआप मिळेल.

तेलाचा माझा साधा हिशोब: माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांना दोन लिटर. तेल कोणतं, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. शेंगदाण्याचं, करडईचं, सूर्यफुलाचं, कुठलंही घ्या, पण मोजून घ्या. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तुपातल्या घातक ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ही चांगली गोष्ट झाली, पण म्हणून बेकरीचे पफ पौष्टिक झाले असं नव्हे.

चहाचं बघा. ऑफिसात दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर सहा चमच्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. तेव्हा नुसत्या चहातच दिवसाचा कोटा संपून वर उधारी झाली. कप दोन करा, साखर एक चमचा करा. पंधरा दिवस चहा बेचव लागेल, नंतर पूर्वीचा चहा पाक वाटायला लागेल.

आता काय खायचं? यासाठी मला परदेशी धान्यांची नावं घ्यायची गरज नाही. आपल्या आज्यांनी जे वाढलं तेच: भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. आणि आपण कर्नाटकात राहतो हे आपलं भाग्यच समजा. आपली नाचणी इथे रागी होऊन घरोघरी आहे. आपले कुळीथ इथे हुरळी या नावाने मिळतात. सकाळी हातगाडीवर 'सोप्पू, सोप्पू' म्हणत येणारा माणूस पाच-सहा प्रकारच्या पालेभाज्या विकतो. त्यातल्या निम्म्यांची नावं आपल्याला येत नाहीत म्हणून आपण मेथी आणि पालक सोडून काही घेत नाही. शेजारच्या कन्नड काकूंना विचारा, त्या आनंदाने शिकवतील. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ-उसळीचा आणि पाव भाग भात-पोळीचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. मांसाहार करणाऱ्यांनी तळलेल्यापेक्षा मासळीचं कालवण खावं.

खुर्चीला चिकटलेलं आयुष्य

१९५३ मध्ये लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून तिकिटं काढणारा. कंपनी तीच, रस्ते तेच, पण कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता.

मंडळी, आज आपण सगळेच ड्रायव्हर झालो आहोत! सकाळी सिल्क बोर्डच्या गर्दीत दीड तास गाडीत, मग आठ-नऊ तास संगणकासमोर, मग पुन्हा दीड तास गाडीत, आणि रात्री सोफ्यावर. घरून काम करणाऱ्यांची तर पलंग ते टेबल एवढीच यात्रा.

सांगितलेलं प्रमाण असं: आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा वेगाने चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. अर्धा तास सलग मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. अगरा तलावाभोवती सकाळी चाला, आपापल्या ब्लॉकमधल्या बागेत चाला. मुलांना क्लासला सोडून गाडीत फोन बघत बसता, तो वेळ चाला. ऑफिसात दोन मजल्यांसाठी लिफ्ट नको. फोनवरची मीटिंग उभ्याने घ्या. मात्र वर्षानुवर्षं व्यायाम न केलेल्या पंचेचाळिशीच्या गृहस्थांनी एकदम दहा किलोमीटरच्या शर्यतीत उडी घेऊ नये. आधी तपासणी, मग हळूहळू वाढ.

धूर, झोप आणि ताण

तंबाखूबद्दल मी मर्यादा सांगणार नाही. 'दिवसाला दोनच' असा सुरक्षित आकडा नाही. ऑफिसखालच्या टपरीवर 'कंपनी म्हणून' ओढलेलीही मोजायची. गुटखा, मावा, मशेरी यांनाही सूट नाही. दिलासा एवढाच की सोडल्यापासून एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. इतकं व्याज देणारी दुसरी कुठली ठेव मला माहीत नाही! एकट्याने सुटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. त्यासाठी औषधं आणि समुपदेशन दोन्ही आहेत.

झोपेचं महत्त्व डॉक्टरांनाही उशिरा पटलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या आपल्या यादीत २०२२ मध्ये झोप समाविष्ट केली: मोठ्या माणसाला सात ते नऊ तास. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री अकराला कॉल, मग बाराला जेवण, मग दोनपर्यंत मोबाइल, आणि सकाळी सहाला मुलांची स्कूल बस. हे गणित कुठल्याच गोळीने जुळत नाही. कॉल टळत नसेल तर निदान जेवण आठला उरका आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. जोरात घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर ते थट्टेवारी नेऊ नका, तपासून घ्या.

ताणावर माझ्याकडे गोळी नाही. पण हे मंडळ आहे. तालमीला येता, ढोल वाजवता, पंगतीत वाढता, मनातलं बोलायला चार माणसं मिळतात. परगावी हे औषधच आहे.

दुखत नाही तोवर तपासा

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनीत राजकुमार गेले. वय फक्त ४६, आणि तंदुरुस्तीसाठी सगळ्या कर्नाटकात प्रसिद्ध. त्यानंतर काही दिवस बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी तरुणांची रीघ लागली होती. भीती ओसरली, रीघही ओसरली. पण त्या घटनेतून घ्यायचं ते हे की पिळदार शरीर म्हणजे तपासणीतून सुटका नव्हे. आणि व्यायामच वाईट, असा उलटा अर्थही काढायचा नाही.

तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी बघावी. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका, काही दिवसांनी पुन्हा मोजा. गोळी सुरू झाली तर 'आता नॉर्मल आला' म्हणून ती परस्पर बंद करू नका. नॉर्मल आला तो गोळीमुळेच!

आणि दुखलंच तर?

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. सेंट जॉन्सच्याच डॉ. डेनिस झेवियर, डॉ. पैस आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून वीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद केली. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटं. सहा तास! रुग्णालयात पोचल्यावर गुठळी विरघळवण्याचं औषध सुरू व्हायला लागलेला वेळ होता ५० मिनिटं. म्हणजे खरा उशीर दवाखान्यात नाही, आपल्या घरात होतो.

तो कसा होतो ते सांगते. घरच्यांच्या परवानगीने, नाव न घेता. आपल्यातलेच एक गृहस्थ, वय ४१, मूळचे कोल्हापूरकडचे. रात्री जेवणानंतर छातीत जडपणा, घाम. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा घेतला. एक वाजला. पत्नी म्हणाली, शेजाऱ्यांना उठवू? ते म्हणाले, अशा वेळी कुणाला त्रास द्यायचा, सकाळी बघू. सासूबाईंना फोन करावा तर त्या गावी, उगाच घाबरतील. सकाळी सातला माझ्याकडे आले. ईसीजी बघून मी तसंच रुग्णालयात पाठवलं. जीव वाचला, पण हृदयाचा पंप पूर्वीच्या ताकदीने चालत नाही. दोन जिने चढताना ते आजही मध्ये थांबतात. धाकटी मुलगी वरच्या पायरीवर उभी राहून 'बाबा, या ना' म्हणते.

हे त्यांचं आळशीपण नव्हतं. ही आपली सवय आहे: लोकांना त्रास द्यायचा नाही. गावी भिंतीला भिंत लागून चुलत्याचं घर असतं, हाक मारली की माणूस येतो. इथे आठव्या मजल्यावर समोरच्या दाराचं आडनाव माहीत नसतं. म्हणून ठरवून घ्या. छातीत दाब, जडपणा, डावा हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप, आणि स्त्रियांत तर कधी नुसती मळमळ आणि कमालीचा थकवा. हे काही मिनिटांत ओसरलं नाही तर १०८ ला फोन, आणि ईसीजी व तातडीचे उपचार असलेल्या रुग्णालयात थेट. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. घरच्या घरी सोडा पिऊन वाट बघायची नाही. ॲसिडिटी निघाली तर हसत घरी या, कुणी नावं ठेवणार नाही. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावाने 'हृदय ज्योती' योजना आणली. तालुक्याच्या रुग्णालयातही गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत मिळावं हा तिचा हेतू. पण इंजेक्शन कितीही मोफत असलं तरी ते वेळेत पोचणाऱ्यालाच उपयोगी पडतं.

मंडळाला तीन विनंत्या

पहिली: उत्सवाच्या एका संध्याकाळी आरतीनंतर रक्तदाब आणि पोटाचा घेर मोजण्याचं टेबल ठेवू या. मी यंत्र आणि टेप घेऊन बसेन. दुसरी: महाप्रसादाच्या पंगतीत कोशिंबीर आणि उसळ भरपूर वाढू या, आणि मिठाची वाटी पंगतीत फिरवायची नाही. तिसरी: प्रत्येक ब्लॉकमधल्या अशा दोन-दोन घरांची फोन यादी करू या, ज्यांना रात्री दोन वाजताही उठवलेलं चालेल. त्यात माझं नाव पहिलं लिहा. वर्गणीची यादी आपण दरवर्षी न चुकता करतो. ही यादीही तितक्याच नेमाने व्हावी.

बाप्पाचं पोट मोठं आहे, ते त्याला शोभतं. त्याला ब्रह्मांड सांभाळायचं आहे. आपल्याला आपलं घर सांभाळायचं आहे, तेव्हा आपलं जरा आत असलेलं बरं!

 तुम्हा सर्वांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!